चरबी जावी, स्नायू राहावेत: वजन कमी करताना ताकदीचा व्यायाम कसा सुरू करायचा

वजनकाट्यावरचा आकडा खाली आला की चरबी गेली असं आपण धरून चालतो. काटा मात्र सगळ्याची बेरीज दाखवतो: चरबी, स्नायू, पाणी, हाडं, पोटातलं अन्न. नुसतं खाणं कमी करून उतरलेल्या वजनातला साधारण पाव भाग चरबीचा नसतो. ८० किलोचा माणूस ७० वर आला, तर गेलेल्या १० किलोंपैकी दोन-अडीच किलो स्नायू, त्यांतलं पाणी आणि इतर ऊती असू शकतात. उपासमार जितकी टोकाची, आहारात प्रथिनं जितकी तुटपुंजी आणि बसून राहणं जितकं जास्त, तितका हा वाटा वाढत जातो.

स्नायूंमधली प्रथिनं रोज थोडी मोडतात आणि रोज नव्याने बांधली जातात. खाणं कमी केलं की बांधणी मंदावते. वजन उचलण्याचा व्यायाम केला की त्या स्नायूतली बांधणी पुढचे एक-दोन दिवस वाढलेली राहते. आहारातल्या तुटीमुळे, म्हणजे खर्चापेक्षा कमी कॅलरी खाल्ल्यामुळे, होणारं नुकसान त्यातून बऱ्यापैकी भरून निघतं. वजन कमी करताना ताकदीचा व्यायाम करायचा तो यासाठी. कॅलरी जाळायला तो फारसा उपयोगाचा नाही: पाऊण तासाच्या सत्रात जेमतेम दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, आणि तेवढ्या भरभर चालूनही होतील. वजन किती उतरणार हे मुख्यतः ताटात ठरतं. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे बऱ्याच अंशी डंबेल ठरवतं. ही विभागणी डोक्यात पक्की असली की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

खरे फायदे आणि फुगवलेले फायदे

सगळ्यात जास्त फुगवलेला फायदा आधी बाजूला काढू. ‘स्नायू वाढले की बसल्या बसल्या भरपूर कॅलरी जळतात’ असं सर्रास सांगितलं जातं. एक किलो स्नायू विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला सुमारे १३ कॅलरी वापरतो, एक किलो चरबी चार-साडेचार. कष्टाने दोन किलो स्नायू कमावले तरी रोजचा खर्च पंचवीसेक कॅलरींनीच वाढतो, म्हणजे दोन घास. या आशेवर व्यायाम सुरू करणाऱ्यांची दोन महिन्यांत निराशा होते, आणि ती टाळता येण्यासारखी असते.

दुसरा गैरसमज पोटाचा. पोटाचे व्यायाम केले की पोटाचे स्नायू बळकट होतात, पण त्यांच्यावरची चरबी तिथूनच निघेल असं नसतं. चरबी कुठून आधी उतरणार हे आनुवंशिकता आणि संप्रेरकं ठरवतात. तिसरी भीती स्त्रियांना घातली जाते, ‘वजनं उचललीस तर पुरुषी दिसशील’ ही. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारं संप्रेरक) पुरुषांच्या मानाने कितीतरी पट कमी असतं. त्यात आहार तुटीत असताना स्नायूंचा आकार वाढवणं पुरुषांनाही जड जातं. चुकून पिळदार झालं असं कुणाचं होत नाही.

आता खरे फायदे. आपण खाल्लेल्या कर्बोदकांतली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूंमध्ये साठवली जाते. स्नायू काम करतात तेव्हा इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, आणि व्यायामानंतर काही काळ इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. टाइप २ मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना ही गोष्ट वजनाइतकीच महत्त्वाची आहे. वजन उतरताना हाडांची घनताही थोडी घटते, कारण हाडांवरचा भार कमी होतो. डंबेल-बारबेल तो भार परत देतात. वयाच्या तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचं प्रमाण साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातं. त्यामुळे पन्नाशीत केलेला कडक डाएट स्नायूंना दुहेरी फटका देतो. साठीनंतर वजन कमी करायचं असेल, तर ताकदीच्या व्यायामाशिवाय ते सुरूच करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. गुडघे, जिने, जमिनीवरून उठणं ही सगळी कामं स्नायूंच्या जोरावर चालतात. भूक मंदावणारी इंजेक्शनं घेऊन वेगाने वजन उतरवणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. त्यांचं खाणं इतकं कमी होतं की प्रथिनं आपोआप घटतात.

सुरू करण्यापूर्वी

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आहारातली तूट आणि व्यायाम मिळून साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डोस बदलावा लागेल का, हे पहिल्या दिवसाआधीच ठरलेलं असावं. व्यायाम करताना छातीत दुखलं, जबडा किंवा हात भरून आला, घेरी आली, तर तिथेच थांबा आणि वैद्यकीय मदत घ्या.

साधनं फार लागत नाहीत. जिम असेल तर उत्तम. घरी करायचं तर वजन बदलता येणाऱ्या डंबेलची जोडी, एक रबर बँड आणि गुडघ्याएवढ्या उंचीचा भक्कम बाक पुरतो. डंबेल नसतील तर पुस्तकं भरलेली सॅक घ्या, मात्र ती वजन करून भरा, म्हणजे पुढच्या वेळी किती वाढवायचं ते कळेल. आणि एक वही घ्या. ही वही ऐच्छिक नाही, कारण पुढचं सगळं तिच्यावर चालतं.

ताटातली तयारी

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट हा झेपणारा वेग आहे. ८० किलोच्या माणसासाठी ४०० ते ८०० ग्रॅम. दिवसाला सुमारे ५०० कॅलरींची तूट ठेवली की साधारण या टप्प्यात बसता येतं. तूट त्याहून बरीच मोठी केली की आधी स्नायूंची वाढ थांबते, मग ते राखणंही अवघड होतं. ज्यांचं वजन खूप जास्त आहे त्यांना सुरुवातीला थोडा जास्त वेग चालतो. जे आधीच सडपातळ होत आले आहेत त्यांनी अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहावं.

प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास धरा. ८० किलोसाठी ते १२८ ग्रॅम होतात. वजन खूपच जास्त असेल तर सध्याच्या वजनाऐवजी गाठायच्या वजनाने गुणा, नाहीतर आकडा अवास्तव मोठा येतो. एका अंड्यात ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरात ९ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या मांसात सुमारे ३० ग्रॅम आणि १०० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. शाकाहारी माणसाला १२८ चा आकडा निव्वळ डाळींवर गाठता येत नाही, कारण त्यासाठी लागणाऱ्या डाळीतून कॅलरीही तेवढ्याच येतात. सोया, दुधाचे पदार्थ किंवा प्रथिनांची पावडर यांपैकी काहीतरी जोडावं लागतं. दिवसाचा वाटा तीन-चार जेवणांत विभागा, प्रत्येक वेळी २५ ते ४० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही. तिथे डॉक्टर सांगतील तेच.

पूरक पदार्थांपैकी क्रिएटिनचा ताकदीवरचा परिणाम भक्कमपणे सिद्ध झाला आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम. त्यामुळे स्नायूंमध्ये पाणी साठून पहिल्या आठवड्यांत वजन किलोभर वाढू शकतं. आकडा बघून धास्तावणाऱ्यांनी वजन उतरायला लागल्यानंतरच क्रिएटिन सुरू करावं. ‘फॅट बर्नर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना मात्र हात लावू नका.

आठवड्याचा आराखडा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी सगळ्या मुख्य स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगितलं आहे. सुरुवात करणाऱ्यांनी दोन किंवा तीन दिवस धरावेत आणि मध्ये किमान एक दिवस मोकळा सोडावा. सोमवार छाती, मंगळवार पाठ अशी वाटणी नवख्याला नको. एक दिवस चुकला की त्या भागाला पुढचा आठवडा उजाडतो. प्रत्येक वेळी सगळ्या शरीराचा व्यायाम करा.

एक हालचाल एकदा पूर्ण केली की तिला जिममध्ये एक रेप म्हणतात, आणि न थांबता केलेल्या रेप्सच्या गटाला सेट. दोन सत्रं आलटून-पालटून करायची.

पहिलं सत्र:
१. गॉब्लेट स्क्वॉट, ३ सेट, ८ ते १२ रेप्स
२. जोर (हात उंचावर ठेवून) किंवा बाकावर पडून डंबेल प्रेस (छातीपासून वर ढकलणं), ३ सेट, ८ ते १२
३. एका हाताने डंबेल रोइंग (पुढे वाकून डंबेल वर खेचणं), प्रत्येक बाजूला ३ सेट, ८ ते १२
४. प्लँक (कोपर आणि पायांची बोटं टेकवून अंग सरळ ताठ धरणं), ३ वेळा, २० ते ४० सेकंद

दुसरं सत्र:
१. रोमानियन डेडलिफ्ट, ३ सेट, ८ ते १२
२. उभ्याने डोक्यावर डंबेल प्रेस, ३ सेट, ८ ते १०
३. लॅट पुलडाउन (मशीनचा वरचा दांडा छातीकडे खेचणं), किंवा वर अडकवलेला बँड खाली खेचणं, ३ सेट, ८ ते १२
४. बाकावर चढ-उतर, प्रत्येक पायाने २ सेट, ८ ते १०
५. दोन्ही हातांत जड वजन घेऊन ताठ चालणं, ३ वेळा, ३० ते ४० सेकंद

हे तीन सेटचं प्रमाण कुठून आलं, असा प्रश्न पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये क्रमाक्रमाने वजन वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आधी ते दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घेत. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की तीन सेट पुरतात. नवख्यांसाठी तो हिशोब आजही चालतो.

जड सेटनंतर दोन ते तीन मिनिटं बसा. ‘वेळ वाया जातो’ म्हणून तीस सेकंदांत पुढचा सेट सुरू करणं ही वजन कमी करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक आहे. धाप लागते, घाम येतो, काहीतरी घडल्यासारखं वाटतं. पण स्नायू थकण्याआधी श्वास संपतो आणि पुढच्या सेटला वजन कमी घ्यावं लागतं. स्नायू राखण्यासाठी त्यांच्यावर ताण यायला हवा, आणि धाप लागणं हे त्या ताणाचं मोजमाप नव्हे.

सत्राची सुरुवात

पाच मिनिटं भरभर चाला. मग त्या दिवसाचा पहिला व्यायाम ठरलेल्या वजनाच्या निम्म्याने आठ वेळा आणि पाऊणपटीने चार वेळा करा. मिनिटभर थांबून खरा पहिला सेट. एवढी तयारी पुरते. स्नायू तीस-चाळीस सेकंद ताणून धरण्याचे प्रकार आधी करून ताकद वाढत नाही, ते करायचेच तर शेवटी करा.

श्वासाचा नियम असा: वजन खाली नेताना आत, वर ढकलताना बाहेर. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणभर बराच वर जातो. अनुभवी उचलणारे तो मुद्दाम कोंडतात, पण नवख्यांनी आणि रक्तदाब असलेल्यांनी ते करू नये.

हालचाली, आणि त्या कुठे बिघडतात

गॉब्लेट स्क्वॉट. डंबेल उभं धरून त्याचं वरचं टोक दोन्ही तळव्यांवर तोला, छातीला चिकटवून. पाय खांद्यांएवढे अंतरावर, बोटं थोडी बाहेरच्या दिशेला. दोन मांड्यांच्या मध्ये बसायचं आहे असं समजून खाली जा, मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत किंवा टाचा टिकतील तिथपर्यंत. टाचा उचलल्या जात असतील तर बहुधा घोटा आखडलेला असतो. टाचांखाली एक-दोन सेंटिमीटर जाडीची फळी ठेवली की प्रश्न लगेच सुटतो. वर येताना गुडघे आत कोसळत असतील तर वजन जास्त आहे किंवा लक्ष नाही. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जायला हवेत. ते बोटांच्या पुढे गेले तर गुडघा खराब होतो, ही समजूत निरोगी गुडघ्यासाठी खरी नाही. उंच माणसाचे गुडघे पुढे जाणारच.

रोमानियन डेडलिफ्ट. या यादीतली सगळ्यात चुकीची केली जाणारी आणि नीट जमली तर सगळ्यात उपयोगी हालचाल. दोन्ही हातांत सामान असताना आपण मागचं दार कुल्ल्यांनी ढकलून लावतो, तीच ही क्रिया. गुडघे किंचित वाकवून तिथेच ठेवा आणि कुल्ले मागे ढकलत जा. पाठ सरळ, वजन मांड्यांना घासत खाली. नडगीच्या मध्यापर्यंत पुरे. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला की परत वर. बहुतेक जण हिचा स्क्वॉट करतात: गुडघे पुढे, कुल्ले खाली. ते मोडायचं असेल तर भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा आणि दर वेळी कुल्ले भिंतीला टेकवा. जमलं की दोन बोटं आणखी पुढे सरका. दुसरी चूक म्हणजे वजन अंगापासून लांब जाणं. हात जेवढे पुढे, तेवढा कमरेवर भार. दुसऱ्या दिवशी कंबर दुखली आणि मांडीला काहीच जाणवलं नाही, तर वजन निम्मं करून हालचाल पुन्हा शिका.

जोर. जमिनीवर एकही नीट निघत नसेल तर लाज वाटण्याचं कारण नाही. हात टेबलावर किंवा बाकावर टेकवा. उंची जितकी जास्त तितकं सोपं. १२-१२-१२ निघाले की उंची कमी करा. गुडघे टेकवून करण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण यात पूर्ण शरीर ताठ ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लागते. कोपर अंगापासून साधारण ४५ अंशांवर. ते थेट बाजूंना पसरले की खांद्याचा पुढचा भाग कुरकुरतो.

रोइंगमध्ये कोपर खांद्याकडे न खेचता कमरेकडे खेचा, म्हणजे पाठीचा रुंद स्नायू कामाला लागतो. झटका देऊन अंग पिळलं जात असेल तर वजन उतरवा. डोक्यावरच्या प्रेसमध्ये कंबर मागे वाकते, त्यावर कुल्ले आवळून धरणं हा सोपा उपाय. प्लँकमध्ये कंबर खचली की सेट तिथेच संपला, घड्याळात काहीही असो.

वजन किती घ्यायचं

पहिले दोन आठवडे हलकंच घ्या. दहा रेप्स झाल्यावर आणखी चार-पाच सहज निघतील इतकं. स्नायू तयार असतात, पण हालचाल आणि सांधे त्यांच्यामागून येतात. तिसऱ्या आठवड्यापासून सेट अशा ठिकाणी थांबवा, जिथे नीट पद्धतीने आणखी एक ते तीनच रेप्स निघाल्या असत्या. ते कसं ओळखायचं? जोर पूर्ण लावूनही शेवटच्या एक-दोन रेप्सचा वेग आपोआप मंदावतो. दहावी रेप पहिलीसारखीच झरझर निघत असेल तर वजन कमी आहे. नवखे जवळजवळ नेहमी स्वतःला कमी लेखतात. म्हणून महिन्यातून एकदा, पडण्याचा धोका नसलेल्या व्यायामात, उदाहरणार्थ रोइंगमध्ये, शेवटच्या सेटला खरंच निघतील तितक्या रेप्स काढून बघा. ‘दोनच उरल्या होत्या’ असं वाटत असताना सहा निघाल्या, तर अंदाज सुधारतो.

एकेका किलोच्या गुलाबी डंबेलने पन्नास-पन्नास रेप्स मारणं किंवा एका दमात शंभर बैठका काढणं याला दमसास लागतो. ज्याला पायऱ्या चढणंही जड जातं त्याला पहिले काही दिवस त्यातून ताकद मिळेलही. नंतर मात्र स्नायू टिकवण्याचं काम ५ ते ३० रेप्सच्या आत थकवणारं वजनच नीट करतं, आणि नवख्याला ८ ते १२ सगळ्यात सोयीचं पडतं.

वाढवत कसं न्यायचं

वहीत तारीख, व्यायाम, वजन आणि प्रत्येक सेटच्या रेप्स लिहा. समजा गॉब्लेट स्क्वॉट १० किलोने १०, ९, ८ असा झाला. पुढच्या वेळी वजन तेच, प्रयत्न ११, १०, ९ चा. तिन्ही सेट १२ ला पोचले की वजन १२ किलो. रेप्स परत आठ-नऊवर येतील. तिथून पुन्हा चढायचं.

लहान डंबेलची अडचण इथे येते. ५ किलोवरून ७.५ वर जाणं म्हणजे थेट दीडपट. खांद्यांच्या व्यायामात ही उडी जमत नाही आणि माणूस महिनोन् महिने पाचवरच अडकतो. त्यावर तोडगा असा: आधी रेप्स १५ पर्यंत न्या, मग वजन खाली आणताना तीन सेकंद मोजा, आणि मगच पुढचं डंबेल उचला.

पहिले दोन महिने तूट असूनही ताकद भराभर वाढते. यातला बराच भाग मज्जासंस्थेचा असतो: मेंदू आहे त्याच स्नायूचे जास्त तंतू एकदम वापरायला शिकतो. नंतर वेग मंदावतो, आणि आहार तुटीत असेल तर काही व्यायामांत आकडा तिथेच राहतो. तो अपयश समजू नका. शरीराचं वजन सहा किलोंनी उतरलं आणि स्क्वॉटचं वजन कायम राहिलं, तर स्नायू जागेवर असल्याचा तो चांगला पुरावा आहे.

आकडे सलग दोन आठवडे दोन-तीन व्यायामांत घसरले तर मात्र काहीतरी चुकतंय. या क्रमाने तपासा: झोप, प्रथिनं, तुटीचा आकार. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दहा जणांना तेवढ्याच कॅलरींवर दोन आठवडे एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपू दिलं. कमी झोपेच्या वेळी चरबीची घट निम्म्याहून खाली आली आणि चरबीखेरीज इतर ऊतींची घट वाढली. माणसं थोडी होती, पण दिशा विचार करायला लावणारी आहे.

थकवा साचला असेल तर सेट कमी करा, वजन नको. तीनचे दोन सेट करा, डंबेल तेच ठेवा. मिळवलेली ताकद टिकवायला ती मिळवण्यापेक्षा खूप कमी व्यायाम पुरतो, अट एवढीच की वजन जड राहिलं पाहिजे. ‘आता डाएट चालू आहे, हलकं वजन आणि जास्त रेप्स’ हा जिममधला जुना सल्ला नेमका उलटा आहे.

काटा चढला तर

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन एखाद-दोन किलोंनी वाढू शकतं किंवा अडकू शकतं. व्यायामाने दुखावलेल्या स्नायूंमध्ये पाणी साठतं, आणि स्नायू जो ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठवतात त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. याच टप्प्यावर बरेच जण ‘वजनं उचलून वजन वाढलं’ म्हणून सोडून देतात. चार आठवडे तरी थांबा.

वजन रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी घ्या आणि फक्त आठवड्याची सरासरी बघा. मासिक पाळी असलेल्यांनी या महिन्याच्या पाळीआधीचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा. दर दोन आठवड्यांनी बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, टेप न आवळता कंबर मोजा. काटा स्थिर, कंबर कमी आणि वहीतले आकडे वर, म्हणजे काम चालू आहे. चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे शरीरातल्या पाण्यावर अंदाज बांधतात, त्यामुळे त्यांचा एकेका दिवसाचा आकडा मनाला लावून घेऊ नका.

दुखणं कोणतं चालतं

नव्या व्यायामानंतर स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतात आणि मग उतरतात. थोडं दुखत असताना पुढचं सत्र केलं तर चालतं, हालचालीने उलट बरं वाटतं. दुखणं हे चांगल्या व्यायामाचं प्रमाणपत्र नाही. दोन-तीन आठवड्यांनी ते जवळजवळ नाहीसं होतं आणि व्यायाम तरीही काम करत राहतो. सांध्यात टोचणारी, एकाच जागी येणारी, दर सेटला वाढणारी कळ वेगळी. ती आली की तो व्यायाम त्या दिवशी बंद. आणि पहिल्याच दिवशी अंगाबाहेर व्यायाम करून स्नायू सुजले, हात-पाय हलवता येईनात आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. मोडलेल्या स्नायूंतले घटक मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

चालणं-धावणं आणि सुट्ट्या

चालणं चालू ठेवा, ते हृदयासाठी लागतंच आणि ताकदीच्या आड येत नाही. दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर आधी वजनं, मग चालणं. लांब धावणं आणि पायांचा जड व्यायाम शक्यतो वेगवेगळ्या दिवशी.

आजारपण किंवा प्रवासामुळे एक आठवडा बुडाला तर जिथे सोडलं तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर सगळी वजनं १० ते २० टक्क्यांनी उतरवा आणि पहिल्या सत्रात दोनच सेट करा. आधीच्या आकड्यांवर परतायला सहसा सुरुवातीच्या निम्माही वेळ लागत नाही. ठरवलेलं वजन गाठल्यावर आहार एकदम पूर्ववत न करता दर आठवड्याला दिवसाच्या १०० ते २०० कॅलरी वाढवत न्या, व्यायाम तसाच ठेवा. महिनोन् महिने अडकलेले आकडे बहुधा याच आठवड्यांत हलायला लागतात, त्यामुळे पुढच्या आकाराची डंबेल आधीच जवळ असलेली बरी.